मुर्रीला सगळं ठीक आहे

१२ जानेवारी

मोनालीला सकाळी गोंदिया स्टेशनवर सोडून आलो. ती आधी दिल्लीला जाईल आणि तिथून पथकासोबत विमानाने दक्षिण सुदानला. तिथे लढाई चालू आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपलं एक लष्करी रुग्णालय आहे. मोनाली लष्करात नर्स आहे, हुद्दा मेजर. मी, विवेक शहारे, सडक अर्जुनीला राहतो आणि एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. चौदा वर्षं दुसऱ्यांची पत्रं नोंदवली, स्वतःचं कधी काही नोंदवलं नाही. मोनाली म्हणाली, "वर्षभर लिहीत जा. म्हणजे डोक्यात साचणार नाही." काय साचणार ते तिने सांगितलं नाही.

तिची एक ताकीद आहे. ती ज्या गावात असेल त्याचं नाव फोनवर घ्यायचं नाही, कुठे लिहायचंही नाही. पण रकाना रिकामा ठेवणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून त्या गावाला मी 'मुर्री' म्हणणार आहे. खरी मुर्री गोंदियाला लागूनच आहे, तिथे माझी प्रेमिला मावशी राहते. मुर्रीला कधी काही घडत नाही म्हणून हे नाव निवडलं. फोनवर बोलायलाही सोपं. मोनालीला पटलं.

गाडी सुटताना ती दारात उभी होती. चेहरा इतका हसरा होता की आजूबाजूचे लोक बघत होते. मला धीर यावा म्हणून हसत असावी. नोकरीचा हुकूम आला की जावंच लागतं, बिचारी काय करणार.

१५ जानेवारी

कपाटात मोनालीच्या नेमणुकीच्या कागदांची एक प्रत सापडली. त्यात एक गंभीर चूक आहे. 'स्वेच्छेने जाण्यास तयार आहे काय?' या रकान्यापुढे 'होय' असं टंकलिखित केलं आहे. मोनालीने मला स्पष्ट सांगितलं होतं, "ऑर्डर आली." म्हणजे कुठल्यातरी लिपिकाने घाईत चुकीचं लिहिलं. अशा चुका पुढे पेन्शनच्या वेळी नडतात. मी आजच दुरुस्तीसाठी विनंती अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. मोनालीला सांगितलं नाही. काम झालं की सांगेन.

२६ जानेवारी

आज एका संस्थेतर्फे तालुक्यातल्या सैनिकांच्या पत्नींचा सत्कार होता. आमंत्रण आमच्या घरीही आलं. 'मोनाली शहारे सैन्यात' एवढंच त्यांना माहीत होतं, बाकीचं त्यांनी जुन्या छापील नमुन्यात भरलं. आई म्हणाली, "जाय. बोलावलं आहे तं जाय. मान आहे तो तिचा."

पहिल्या रांगेत अकरा बायका आणि मी. निवेदक कागदावरून नावं वाचत होता. सातव्या क्रमांकाला त्याने वाचलं, "वीरपत्नी विवेकताई शहारे यांनी मंचावर यावं." मी उठलो. तो माझ्याकडे बघून थांबला, कागदाकडे बघितलं, आणि कागदावरच विश्वास ठेवून पुन्हा म्हणाला, "या ताई." मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही कागदच धरला असता. मला मोरपंखी साडी, खण, नारळ आणि सन्मानपत्र मिळालं. हळदीकुंकवाचं ताट घेऊन आलेली मुलगी क्षणभर घुटमळली, मग माझ्या कपाळाला कुंकू लावून निघून गेली.

शेजारी देवकाबाई बिसेन बसल्या होत्या, साठीच्या असतील. त्यांचे यजमान गुलाबचंद निवृत्त हवालदार आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "लाजू नका भाऊ. मीपन पहिली साडी पदराखाली लपवून घरी नेली होती. नवरा परमुलखात अन् मी इथं साडी घेऊन राहिली, असं वाटे."

मी म्हटलं, "काकू, तुमची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

मी सन्मानपत्रावरचं शुद्धलेखन तपासू लागलो.

त्यांनी दर बुधवारी त्यांच्या घरी यायला सांगितलं. सगळ्या सैनिकांच्या बायका जमतात म्हणे. मी जाणार नाही.

१९ फेब्रुवारी

मोनालीचा फोन, बावीस मिनिटं. दोन्ही बाजूंचे जखमी एकाच वॉर्डात आणतात. दरवाजातच बंदुका काढून घेतात, पण तोंडं काढून घेता येत नाहीत, असं ती म्हणाली. मधोमध दोरीला चादर बांधली आहे. अलीकडे एक पक्ष, पलीकडे दुसरा. वॉर्डात उभा पंखा एकच. तो फिरतो, पण चादरीमुळे वारा पलीकडे जात नाही. परवा त्यावरून एकमेकांवर जेवणाची ताटं फेकली. ज्याला दोन्ही पाय नाहीत त्याने सर्वांत लांब फेकलं.

"मग तू काय केलं?"

"पंखा बंद केला. सगळ्यांना सारखं उकडलं, तर दोन्हीकडचे मिळून मला शिव्या देऊ लागले. बरं वाटलं."

ती हे सांगताना हसत होती. मी तिला म्हटलं, अशा वेळी पंख्याच्या वापराचं लेखी वेळापत्रक लावावं. ती म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

६ मार्च

माझ्यामुळे आज एक घोटाळा झाला, तो प्रामाणिकपणे नोंदवतो.

सकाळी मोनालीचा फोन आला. आवाज तुटत होता म्हणून मी अंगणात जाऊन ओरडून बोललो. "मुर्रीत गोळीबार सुरू आहे का अजून?" आणि नंतर, "मुर्रीतले लोक गाव सोडून चालले? किती हजार?" फोन ठेवून मी ऑफिसला गेलो. आई अंगणात तांदूळ निवडत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात दोन बकऱ्या, एक लोखंडी पेटी, कुकर आणि प्रेमिला मावशी. आईने तिला फोन करून सांगितलं होतं, "विवेक सरकारी नोकरीत आहे, त्याले आधीच समजते. आहे तशी निंघ." मावशीने बाहेर डोकावून पाहिलं, तर रस्त्यावर कुणीच नव्हतं. दुपारची वेळ, ऊन होतं, कोण असणार? मावशीला वाटलं, सगळे आधीच पळाले. ती बकऱ्यांसकट ऑटोने निघाली. जाताना शेजारच्या तीन घरांना सांगून आली. त्यातले दोघे सासुरवाडीला गेले आहेत.

मी सगळं समजावून सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मोनाली आहे तिथं गोळ्या चालून राहिल्या?"

"हो. पण ते सुरक्षित आवारात आहेत."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर मावशी म्हणाली, "मुर्री चांगली आहे असं मले लिहून दे. तोंडी सांगण्यावर मी जात नाही."

१० मार्च

मावशीला पत्र लिहून दिलं. 'प्रमाणित करण्यात येते की मौजा मुर्री येथे सर्व काही ठीक असून कोणत्याही प्रकारचा गोळीबार नाही.' खाली सही. कार्यालयाचा शिक्का घरगुती कामाला वापरता येत नाही, म्हणून माझ्या नावाचा रबरी शिक्का मारला. ती परवा जाणार आहे.

१२ मार्च

मोनालीचा फोन लागत नाही. टीव्हीवर दक्षिण सुदानचं नाव आलं, अर्धं मिनिट. जमीनदोस्त झालेली घरं दाखवली. नंतर क्रिकेट.

मावशी गेली नाही. म्हणते, पत्रावरचा शिक्का पुसट आहे. मला तरी स्वच्छ दिसतो.

१५ मार्च

चौथा दिवस. लष्कराने दिलेल्या दिल्लीच्या नंबरवर एकच उत्तर मिळतं, संपर्क नाही, कळवू. एकदा विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "मेजर शहारेंचा नवरा." पलीकडचा म्हणाला, "मेजर साहेबांना फोन द्या ना मग." पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ऑफिसात एक पत्र आवकमध्ये नोंदवलं आणि तेच जावकमध्येही नोंदवलं. साहेब म्हणाले, घरी जा.

१७ मार्च

बुधवारची वाट न पाहता आज देवकाबाईंकडे गेलो. आई आणि मावशीही सोबत आल्या, मी नको म्हणत असताना. तिथे आणखी पाच बायका होत्या. उडदाचे पापड लाटणं चालू होतं. मला कुणी काही विचारलं नाही. एकीने सरकून जागा केली, एक पोळपाट आणि लाटणं पुढे ठेवलं. टीव्हीवर चादर टाकलेली होती. माझा फोन मागून घेतला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

माझे पापड गोल होत नव्हते. एकजण म्हणाली, "विवेकताई, तुमचा तर नकाशा झाला." सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि मग मला ते थांबवता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. उडदाच्या पिठाची धूळ डोळ्यांना झोंबते, हे मला आजच कळलं.

देवकाबाईंनी त्यांची गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी गुलाबचंद असेच शांतिसेनेतून सोमालियाला गेले होते. दोन महिने पत्र नाही. "मले काही सुधरे ना. मंग मी शेजारणीशी भांडन काढलं. कुंपनावरून. दिवसभर भांडलो. त्या दिवशी पहिल्यांदा दिवस लवकर बुडाला. दुसऱ्या दिवशी तेच शेजारीन आपुन आली, ठीक दहाले. म्हने, 'काल माहं बोलनं अर्धं राहिलं.' दोन महिने बिचारी रोज दहाले येत होती भांडाले. तिच्या घरचा सैपाक तसाच पडून राहे. यांचं पत्र आलं तवा कुंपन कुठं होतं तेही आम्हाले आठवे ना."

मला ही गोष्ट थोडी विचित्र वाटली. आई मात्र लाटणं थांबवून ऐकत होती.

निघताना गुलाबचंद दाराशी भेटले. फार कमी बोलतात. म्हणाले, "बाबू, फोन बंद आहे म्हणजे टावर पडला. मानूस पडला असता तं फोन आला असता."

१८ मार्च

आईचं काय बिनसलं आहे कळत नाही. सकाळी बरोबर दहाला माझ्यावर तुटून पडली. विषय : सन दोन हजार सातमध्ये मी तिची पितळेची बादली विहिरीत टाकली. मी टाकली नव्हती, दोर तुटला होता. मावशी तिच्या बाजूने. दोन्हीकडून इतकं ऐकून घेतलं की शेवटी मी विहिरीचा नकाशा काढून दोर कुठे तुटला ते सिद्ध केलं. घड्याळ पाहिलं तर सव्वातीन वाजले होते.

१९ मार्च

आज दहाला विषय माझं लग्न. हळदीच्या दिवशी मी मावशीच्या पाया पडलो नाही म्हणे. फोटो काढून दाखवले. ती म्हणाली, "ह्यात दुसऱ्या कोनाच्या पाया पडून राहिला. हे माहे पाय नोहत." पायांवरून चार तास. दोघींचं वय झालंय, चिडचिड होते.

२० मार्च

टपालात माझ्या जानेवारीच्या अर्जाला उत्तर आलं. हिंदीत आहे. नोंद बरोबर आहे, दुरुस्तीची गरज नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी गेल्या चार वर्षांत या कामगिरीसाठी स्वेच्छेने तीन वेळा अर्ज केला असून तिसऱ्या वेळी निवड झाली.

तीन वेळा एकच चूक होणं शक्य आहे का? आमच्याकडे एकदा झाली होती. एका मयत माणसाला तीन वेळा हजर राहण्याची नोटीस गेली होती.

पण ते वेगळं होतं.

पत्र फाईलला लावलं. दहाचं भांडण आज मला ऐकूच आलं नाही. आईने दोनदा "ऐकून राहिला का?" विचारलं आणि भांडण सोडून दिलं. माझ्यासमोर नुसती बसून राहिली.

२१ मार्च

फोन आला! दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. आवाज मोनालीचाच. टॉवर पडला होता. नऊ दिवस बंकरात आणि वॉर्डात आळीपाळीने काढले. ती ठीक आहे, एक मिनिट बोलता येईल, मागे रांग आहे.

त्या एका मिनिटात मी काय बोललो? मी म्हणालो, "तीन वेळा?"

ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"अर्ज केला होता. दुरुस्तीसाठी."

पलीकडून आवाज आला, तो हसण्याचा होता की रडण्याचा ते मला सांगता येत नाही. तिच्या मागे कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं. ती म्हणाली, "आल्यावर बोलू. मी येते. आईंना सांगा," आणि फोन बंद.

नऊ दिवसांनी जिवंत बायको भेटली आणि मी तिला टंकलेखनाविषयी विचारलं. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.

मावशी आज संध्याकाळच्या बसने मुर्रीला परत गेली. दोन्ही बकऱ्या बसमध्ये घेण्यावरून कंडक्टरशी वाद घातला आणि जिंकली. मी लिहून दिलेलं पत्र इथेच विसरली.

२२ मार्च

दहा वाजले. कुणी भांडायला आलं नाही. आईने चहा दिला आणि गाणं गुणगुणत भांडी घासायला बसली.

१४ जानेवारी

फार महिन्यांनी वही उघडली. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही नव्हतं. मोनालीचे फोन येत राहिले. ती कमी बोलायची, मी जास्त. बुधवारी देवकाबाईंकडे जात राहिलो. आता पापड गोल होतात.

आज मोनाली आली. स्वागताला फलक लावला होता, त्यावर 'परदेशातून परतलेल्या शूर कन्येचे स्वागत' आणि शेजारी फोटो तिच्याऐवजी एका मोठ्या हेलिकॉप्टरचा. पाहुण्यांची भाषणं दीड तास चालली. शेवटी तिला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, म्हणाली, "तिथे उकाडा फार आहे. जय भीम, जय हिंद," आणि बसली. लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे. ते वाट पाहत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं. दहा महिने धरून ठेवलं होतं.

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही हरकत घेतली नसती म्हणून."

"नसतीच घेतली!"

"तेच. हरकत घेतली असती तर भांडून गेले असते. तुम्ही 'जा' म्हणाले असते, आणि मग रोज माझी बॅग भरून, काढून, परत भरून ठेवली असती. तसं पाहून मला जाता आलं नसतं."

यावर काय लिहावं? खरं आहे.

"पण जायचंच का होतं?"

ती हातावरची मेंदी पाहिल्यासारखी स्वतःचे तळवे पाहत बसली. मेंदी नव्हती. "इथे दहा वर्षं ब्लडप्रेशर मोजलं, रजिस्टरं भरली. तुम्हाला आवडतात रजिस्टरं. मला माझे हात कशाचे आहेत ते पाहायचं होतं."

"मग?"

"पाहिलं," ती म्हणाली.

१८ जानेवारी

मोनाली घरात नीट बसत नाही. भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसते. पुढची नेमणूक कामठीला आहे, महिनाभर रजा. बाहेरची हवा लागावी म्हणून आज तिला नवेगाव बांधला नेलं.

तळ्यावर थंड वारा होता. कोळी जाळी ओढत होते. मोनालीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. एक कोळी ओरडला, "बाई, तिथं गाळ आहे!" ती हलली नाही. मी काठावर तिच्या चपला धरून उभा. तिथूनच, माझ्याकडे न पाहता, तिने सांगायला सुरुवात केली.

त्या नऊ दिवसांत एक माणूस आणला होता. पोटात गोळी. नाव नाही, कागद नाही, कुठल्या बाजूचा तेही माहीत नाही, म्हणून त्याला चादरीच्या बरोबर खाली ठेवलं. त्याने मोनालीचा हात धरला आणि तिला 'अचोल' म्हणू लागला. अचोल म्हणजे त्याची बायको असावी. त्याच्या भाषेतला 'हो' तेवढा तिला येत होता. चार तास तो बोलत राहिला आणि ती 'हो' म्हणत राहिली. दोन्हीकडचे लोक ऐकत होते. कुणी काही फेकलं नाही.

"काय सांगत होता?"

"घरचं असेल. लांबलचक होतं. मध्ये एकदा हसला. शेवटी त्याने काहीतरी विचारलं. आवाजावरून कळलं, प्रश्न आहे. हो म्हणावं की नाही म्हणावं, ते कळेना. 'नाही' मला येतही नव्हतं."

"मग?"

"हो म्हटलं. मग गेला."

मला त्या मेलेल्या माणसाचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मोनाली माझ्याशी सलग चार तास कधी बोललेली नाही. मग मी विचार करू लागलो, त्याने काय विचारलं असेल. गाय विकली का? मुलं झोपली का? मी येईपर्यंत थांबशील का? एकेक प्रश्न घेऊन पाहिला. यातल्या कशालाच 'नाही' म्हणता आलं नसतं. मी तिला तसं सांगितलं.

ती पाण्यातून बाहेर आली. चपला घालताना माझा खांदा धरला. "तुम्ही हे सगळे प्रश्न आता काढले?"

"हो. आणखी आहेत."

"सांगा," ती म्हणाली.

बसस्टॉपवर सांगितले, बसमध्येही सांगत होतो. मी सतरावा सांगत असताना ती झोपली, डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. घरी आल्यापासून पहिल्यांदाच अशी गाढ झोपली. कोहमाऱ्याला उतरून सडक अर्जुनीची गाडी धरायची होती. कोहमारा आलं, लोक उतरले. मी हललो नाही. कंडक्टरला खुणेने पुढचं तिकीट मागितलं. गोरेगाव आलं, गेलं. गोंदियाला बस आगारात शिरली आणि रिकामी झाली.

कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "साहेब, लास्ट स्टॉप है. उतरता का?"

मी हळू आवाजात विचारलं, "ही गाडी परत कुठे जाते?"

"नवेगाव बांध."

मी आणखी दोन तिकिटं घेतली.